शारीरिक शिक्षण संचालक व्हावं का? मैदान किती, फाइल किती (मराठवाडा)

गोदाकाठ

नमस्कार मंडळी.

मी परभणी जिल्ह्यात तालुक्याच्या एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शारीरिक शिक्षणाचं काम करतो. वय २९. एम.पी.एड. झालंय, दुसऱ्या प्रयत्नात सेट (राज्याची प्राध्यापक पात्रता परीक्षा) निघाली. खो-खोत दोनदा विद्यापीठाकडून पश्चिम विभागाच्या आंतरविद्यापीठ स्पर्धेला खेळलोय. घरी साडेतीन एकर, त्यात सोयाबीन आणि थोडा कापूस. वडील म्हणतात, पोलीस भरती कर नाहीतर एमपीएससी दे, खेळाडूंचं पाच टक्के आरक्षण आहे त्याचा उपयोग करून घे. लग्न ठरलंय, तिकडची मंडळी दर महिन्याला विचारतात, कायम कधी होणार.

मला स्वतःला शारीरिक शिक्षण संचालक, म्हणजे कॉलेजातल्या खेळांचं सगळं बघणारा माणूस, व्हायचंय, पुढं जमलंच तर विद्यापीठाच्या क्रीडा विभागात जायचंय. पण या कामात पंचवीस-तीस वर्षं घालवलेलं माझ्या ओळखीत कुणी नाही. जागा कधी निघतात, मुलाखतीत काय बघतात, एवढी वर्षं केल्यावर माणसाच्या हाती काय राहतं, हे कुणीतरी मोकळेपणानं सांगावं म्हणून धागा काढलाय.

दुसरी गोष्ट याच आठवड्याची आहे. माझ्याकडं बीए पहिल्या वर्षाची एक मुलगी आहे, लांब उडी मारते. शाळेत तिला कुणी काही शिकवलेलं नाही, तरी पाय फळीवर बरोबर पडतो. आंतरमहाविद्यालयीन मैदानी स्पर्धा नोव्हेंबरच्या शेवटी आहेत. तिच्या आईवडिलांनी ऊसतोडीसाठी मुकादमाकडून उचल (आगाऊ पैसे) घेतलीय. दिवाळी झाली की टोळी निघणार, आणि मोळ्या बांधायला, धाकट्या भावाला सांभाळायला तिलाही नेणार म्हणतात. मी मध्ये पडावं का? उद्या माझेच तास बंद झाले तर तिला कुणाच्या भरवशावर ठेवू?

फक्की

मी बीड जिल्ह्यात कॉलेजात शारीरिक शिक्षण संचालक आहे, चौदा वर्षं झाली. आधी नोकरीचं सांगतो. मुलीबद्दल माझ्यापेक्षा जाणती माणसं इथं आहेत, ती लिहितील.

यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या नियमांप्रमाणे कॉलेजच्या संचालकाला आणि विद्यापीठाच्या सहायक संचालकाला पात्रता एकच: ५५ टक्क्यांनी एम.पी.एड., नेट किंवा सेट (नाहीतर नियमात बसणारी पीएच.डी.), आणि स्वतः खेळल्याचा पुरावा. शिवाय शारीरिक क्षमतेची चाचणी. तीस वर्षांपर्यंतच्या पुरुषाला १२ मिनिटांत १,८०० मीटर, चाळीसपर्यंत १,५०० मीटर. बायकांना ८ मिनिटं असतात, तिशीपर्यंत १,००० मीटर आणि चाळीसपर्यंत ८००. खो-खोवाल्याला यात काही अवघड नाही. पण जागेची वाट बघता बघता चाळिशीला आलेले लोक मला माहीत आहेत, म्हणून धावणं सोडू नकोस.

सुरुवातीचा पगार सातव्या वेतन आयोगात लेव्हल १०, म्हणजे मूळ वेतन ५७,७००. विद्यापीठाचा संचालक व्हायचं तर पीएच.डी. आणि दहा वर्षांचा अनुभव पाहिजे, आणि तुझ्या हाताखालून चांगले संघ, चांगले खेळाडू तयार झाले हे दाखवावं लागतं. ती लेव्हल १४, मूळ वेतन १,४४,२००. म्हणजे कागदावर चांगलं पद आहे. अडचण जागांची आहे. नोव्हेंबर २०१८ मध्ये शासनानं भरतीला मान्यता दिली तेव्हा ३,५८० सहायक प्राध्यापकांसोबत संचालकांच्या जागा होत्या १३९. अख्ख्या महाराष्ट्रात. कॉलेजात इतिहासाचे दोन-तीन प्राध्यापक असतील, संचालक एकच असतो, आणि तो निवृत्त झाल्याशिवाय जागा रिकामी होत नाही.

आता वर्ष कसं जातं ते. जुलैत विद्यापीठात बैठक होते, स्पर्धांचं वेळापत्रक ठरतं, यजमान कॉलेजं वाटून दिली जातात. ऑगस्टपासून आंतरमहाविद्यालयीन सुरू होतात. आमच्या काळ्या मातीत ऑगस्टमध्ये मैदान आखलं की रात्री पाऊस येतो आणि सकाळी फक्की (आखायची पांढरी पूड) सगळी वाहून गेलेली असते, परत आखायचं. मग निवड चाचण्या, दहा-बारा दिवसांचं शिबिर, पात्रतेचे अर्ज, रेल्वेचं आरक्षण, पश्चिम विभाग, नाहीतर अखिल भारतीय. डिसेंबर-जानेवारीत घरी कमी आणि गाडीत जास्त असतो. फेब्रुवारीपासून कागद. नॅक, म्हणजे कॉलेजांचं मूल्यांकन करणारी संस्था, तिच्या पाचव्या निकषात खेळांच्या पदकांचा तक्ता असतो, तो भरायचा. पाच वर्षांची प्रमाणपत्रं स्कॅन करून लावायची. परीक्षेचं भरारी पथक, मिरवणुकीची शिस्त, पाहुण्यांच्या स्वागताचं लेझीम, हेही आपल्याकडंच येतं.

तरी करावं का? करावं. पण एक गोष्ट आत्ताच ठरवून ठेव. ज्या दिवशी संध्याकाळी साडेपाचला मैदानावर न जाता तक्ता पूर्ण करायला बसशील, तो दिवस मोज. माझ्या नोकरीच्या आठव्या वर्षी असे दिवस आठवड्याला चार झाले होते. ते दोनावर आणायला मला दोन वर्षं लागली.

खांबाजवळचा

गोदाकाठ, तुझा प्रश्न वाचला आणि उत्तर लिहायला दोन रात्री लागल्या. मी १९८७ साली लातूर जिल्ह्यात कॉलेजात लागलो आणि त्याच खुर्चीवरून निवृत्त झालो. विद्यापीठाच्या क्रीडा मंडळावर होतो, संघ घेऊन किती वेळा गेलो ते मोजलं नाही.

लागलो तेव्हा सगळ्या मराठवाड्याला एकच विद्यापीठ होतं, औरंगाबादचं. सात जिल्हे, हिंगोली तेव्हा परभणीतच होतं. किनवटचं पोरगं निवड चाचणीला औरंगाबादला यायचं तर आदल्या दिवशी दुपारी एसटी धरायचं, रात्रभर प्रवास करायचं आणि सकाळी सात वाजता मैदानावर उभं राहायचं. आम्ही त्याला म्हणायचो, पळ. पाय सुजलेले असायचे. आमच्या निवड समितीतल्या एकानंही तेव्हा विचार केला नाही की आपण याची ताकद मोजतोय की याच्या गावाचं अंतर. मीही केला नाही. १७ सप्टेंबर १९९४ ला नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठ झालं, आणि नांदेड, लातूर, परभणीच्या पोरांना चाचणी जवळ आली. शिवाय एकाच्या जागी दोन संघ झाले. खो-खोत बारा पोरांना ट्रॅकसूट मिळायचा तिथं चोवीस जणांना मिळायला लागला. विद्यापीठ वेगळं झाल्याचं बऱ्याच जणांना वाईट वाटलं होतं, पण मैदानावर उभं राहून बघितलं तर ते बरं झालं.

फक्की म्हणाले ते मैदान आखणं मी आयुष्यभर केलं. पहिल्या वर्षी आमच्या एका जुन्या सरांनी मला सुतळी, खुंट्या आणि टेप देऊन चारशे मीटरचा ट्रॅक आखायला लावला. सरळ बाजू ८४.३९ मीटर, आतली त्रिज्या ३६.५०. दुसऱ्या लेनचा स्टॅगर, म्हणजे सुरुवातीची रेघ पुढं सरकवायचं अंतर, ७.०४. तिसऱ्या प्रयत्नात दोन टोकं जुळली. हे आकडे मला आजही झोपेत विचारा. आता पोरं मोबाइलवर बघतात, बघू द्या. पण ज्या संचालकाला स्वतःच्या हातानं ट्रॅक आखता येत नाही त्याला पंचानं चुकीच्या ठिकाणाहून सोडलेलं पोरगं कळत नाही. एकदा आमच्या आठशेच्या मुलाला असंच मागून सोडलं होतं. मी शर्यत थांबवली, वाद घातला, टेप मागवला. साडेतीन मीटर निघाले.

मॅटचं सांगतो, कारण तू खो-खोचा आहेस आणि तुला ते पुढं कामी येईल. आपल्याकडचं पोरगं लाल नाहीतर काळ्या मातीत अनवाणी वाढतं. कबड्डीत घोटा पकडायचा तो मातीच्या अंदाजानं. विद्यापीठ स्पर्धा मॅटवर गेल्या तेव्हा आमचा संघ पहिल्याच सामन्यात हरला. हरण्याचं एवढं नाही, दोन पोरांचे गुडघे गेले. मॅटवर पाय रुतत नाही, बूट अडकतो आणि गुडघा फिरतो. पोरांनी बूट आयुष्यात पहिल्यांदा शिबिराच्या चौथ्या दिवशी घातले होते. ती चूक माझी होती. बूट जूनमध्ये द्यायला पाहिजे होते, बजेट नव्हतं तर उधार आणायला पाहिजे होते. त्यातलं एक पोरगं पुढं कधी खेळलं नाही. आता अंबाजोगाईच्या बाजूला त्याचं किराणा दुकान आहे, रस्त्यात भेटला की मी त्याच्या पायाकडं बघतो.

मुलीबद्दल उद्या लिहितो, ते घाईत लिहायचं नाही.

आष्टीकर

एक मुद्दा मांडतो, राग मानू नका. अविनाश साबळे आमच्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा. राष्ट्रकुलचं रौप्य २०२२, एशियाडचं सुवर्ण २०२३, पॅरिस ऑलिम्पिकला स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत. त्याला शोधलं सैन्यानं. बारावी होऊन महार रेजिमेंटमध्ये गेला आणि तिथं क्रॉस कंट्री पळताना लोकांच्या नजरेत आला. आपल्या कॉलेजांच्या, विद्यापीठांच्या यंत्रणेत तो कुठंच नाही. स्टीपलचेसमध्ये २८ अडथळे आणि ७ वेळा पाण्यावरची उडी असते. आपल्या भागात पाण्याचा खड्डा असलेला ट्रॅक किती कॉलेजांनी बघितलाय? मग एवढे संचालक काय करतात, असं सामान्य माणसानं विचारलं तर उत्तर काय द्यायचं?

खांबाजवळचा

आष्टीकर, राग कशाला? बरोबर आहे तुमचं. साबळेचं श्रेय आमच्यातल्या कुणीही घेऊ नये. पण कॉलेजात जो येतो तो मुलगा बारावीनंतर सैन्यात न गेलेला, भरतीत छातीत नाहीतर उंचीत न बसलेला असतो, किंवा मुलगी असते. तिला तर ती वाट आमच्या काळात जवळजवळ नव्हतीच. त्या लेकरांना अठरा ते पंचवीस या वयात खेळायला विद्यापीठाशिवाय दुसरं दार नाही. आमचं काम त्यांच्यासाठी आहे.

आठशे मीटर

मी इथं बहुतेक वाचत असते, आज लिहिते.

मी जालना जिल्ह्यातली. माझं नाव आमच्या कॉलेजच्या फलकावर अजून आहे असं भाचा सांगतो. दुसऱ्या वर्षाला आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत आठशेत पहिली आले, २ मिनिटं २१ सेकंद, मातीवर. आंतरविद्यापीठासाठी निवड झाली. पात्रतेच्या अर्जावर बारावीची गुणपत्रिका, वयाचा दाखला, प्राचार्यांची सही लागते. मी सगळं नेऊन दिलं. आमच्या खेळाच्या सरांच्या टेबलावर तो अर्ज राहिला. सर वाईट नव्हते. त्यांच्याकडं तेव्हा परीक्षेचं काम होतं, गावाकडं घराचं बांधकाम चालू होतं. अर्ज वेळेत गेला नाही. सर म्हणाले, पुढच्या वर्षी नक्की.

पुढचं वर्ष आलं नाही. एप्रिलमध्ये माझं लग्न झालं.

मी आता शिक्षिका आहे, चांगलं चाललंय, तक्रार म्हणून लिहीत नाही. गोदाकाठदादा, तुम्ही विचारलं ना, या पदावर माणसाच्या हाती काय राहतं. मी दुसऱ्या बाजूनं सांगते. तुमच्या टेबलावर पडलेल्या प्रत्येक अर्जाची तारीख असते, आणि मुलींच्या बाबतीत ती एकदाच येते. मुलाला बाप एखादं वर्ष जास्त देतो. ती लांब उडीवाली आज पहिल्या वर्षाला आहे, तिला तीन वर्षं आहेत असं धरून चालू नका. एक आहे असं समजा.

कळंबची

आठशे मीटर ताई, वाचून बराच वेळ काही सुचलं नाही.

मी धाराशिव जिल्ह्यात संचालक आहे. आमच्याकडं खो-खोमुळं मुलींच्या बापांची समजूत घालणं थोडं सोपं झालंय, आणि त्याचं बरंचसं कारण सारिका काळे. ती भारताची कर्णधार झाली आणि २०२० ला तिला अर्जुन पुरस्कार मिळाला, तेव्हापासून मी घरी गेले की तिचं नाव काढते. शेजारच्या गल्लीतली वाटावी इतकी ती इथल्या बायकांना जवळची आहे. जानेवारी २०२५ ला दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला, भारताच्या मुलींनी जिंकला. त्या संघातही आमच्याकडची अश्विनी शिंदे होती. तो अंतिम सामना माझ्या मुलींनी वसतिगृहात एका मोबाइलभोवती बसून बघितला.

मुलींच्या संघाबद्दल पुरुष संचालक सहसा लिहीत नाहीत ते लिहिते. पहिल्या वर्षाला आलेल्या मुलींचं हिमोग्लोबिन मी उपजिल्हा रुग्णालयात तपासून घेते. आठ-नऊवर असलेल्या मुली दरवर्षी निघतात. अशा मुलीला दोन महिने पळवून पळवून दम वाढत नाही आणि ती स्वतःला कमी समजायला लागते. आधी गोळ्या, गूळ-शेंगदाणे, पालेभाजी, मग सराव. पाळीच्या दिवसांची नोंद मुली स्वतः वहीत ठेवतात, मला दाखवतात, त्याप्रमाणे सरावाचा भार कमी-जास्त करते. सुरुवातीला लाजायच्या. आता नव्या मुलींना जुन्याच सांगतात.

प्रवासात महिला व्यवस्थापक नसेल तर मी संघ पाठवत नाही. एकदा त्यावरून वादही झाला, संघ जायचा राहतो की काय अशी वेळ आली. शेवटी आमच्या मराठीच्या मॅडम रजा टाकून गेल्या. गोदाकाठ, तुमच्या कॉलेजात अशी एक मॅडम आत्तापासून शोधून ठेवा. खेळातलं काही कळलं नाही तरी चालेल, मुलींना ती आपली वाटली पाहिजे.

ओहायोतला लातूरकर

मी औशाजवळचा, गेली सतरा वर्षं अमेरिकेत. इथल्या विद्यापीठात याच्या जवळचं पद असतं, अ‍ॅथलेटिक डायरेक्टर. इथं अ‍ॅथलेटिक्स म्हणजे सगळेच खेळ, आपल्यासारख्या फक्त मैदानी स्पर्धा नाहीत. माझ्या शेजारच्या घरातले गृहस्थ एका छोट्या कॉलेजात त्या खात्यात काम करतात, त्यांच्याकडून बरंच ऐकलंय.

मोठ्या विद्यापीठात हा माणूस शिट्टी घेऊन मैदानावर कधीच जात नाही. प्रत्येक खेळाला वेगळा प्रशिक्षक, त्याचे सहायक, फिजिओ, आहारतज्ज्ञ, अभ्यास करून घेणारे वेगळे. डायरेक्टर प्रशिक्षक नेमतो आणि काढतो, देणगीदार सांभाळतो, प्रक्षेपणाचे करार बघतो. आमच्या राज्यातल्या मोठ्या विद्यापीठाच्या फुटबॉल स्टेडियममध्ये एक लाखाच्या वर माणूस बसतं. २०२१ पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर पैसे कमवायची मुभा मिळाली. जून २०२५ मध्ये न्यायालयानं एक तडजोड मान्य केली, त्यानंतर विद्यापीठं खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात, पहिल्या वर्षाला एका विद्यापीठाची मर्यादा साधारण दोन कोटी पाच लाख डॉलर. आता या डायरेक्टरचं निम्मं डोकं त्या हिशोबात असतं.

या पैशाचा हेवा मला वाटत नाही. शेजारी म्हणतात, छोटे खेळ बंद पडतील ही भीती आहे, पोहणं, कुस्ती, टेनिस. हेवा वाटतो तो १९७२ च्या कायद्याचा, ज्याला इथं टायटल नाइन म्हणतात. सरकारचा पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत मुलींना मुलांइतकी संधी द्यावीच लागते, खेळातसुद्धा. डायरेक्टरला आकडे ठेवावे लागतात आणि मुलगी कोर्टात जाऊ शकते. आठशे मीटर ताईंची गोष्ट वाचताना हेच मनात येत होतं. त्यांचा अर्ज पुढं जाणं एका भल्या माणसाच्या सवडीवर होतं.

फक्की

लातूरकर, तुम्ही सांगितलेल्या आठ माणसांचं काम इथं एक माणूस करतो, आणि त्याच्याकडं शिपाईसुद्धा अर्ध्या दिवसाचा असतो. पण टायटल नाइनचं पटलं. आपल्याकडं २०१६ च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्यात क्रीडा व शारीरिक शिक्षण मंडळ आहे. मुलींच्या संघांचा खर्च वेगळा दाखवा, एवढा ठराव त्या मंडळात जरी आला तरी बऱ्याच गोष्टी उघड्या पडतील. मी पुढच्या बैठकीच्या आधी पत्र देतो.

खांबाजवळचा

आता मुलीचं.

बीड, परभणीच्या कॉलेजात आपला खेळाचा हंगाम आणि कोयत्याचा, म्हणजे ऊसतोडीचा, हंगाम एकाच महिन्यांत येतो. दसरा-दिवाळीला टोळ्या निघतात, मार्च-एप्रिलला परत येतात. आपल्या बहुतेक स्पर्धा ऑक्टोबर ते जानेवारी. वेळापत्रक करणाऱ्या कुणाच्या हे ध्यानात नसतं. मी मंडळावर असताना दोनदा म्हणालो की मैदानी स्पर्धा सप्टेंबरमध्ये घ्या. पाऊस असतो म्हणाले. खरंच असतो. ते तसंच राहिलं.

मी असा मध्ये पडलो चार वेळा. दोनदा जमलं, दोनदा नाही. जमलं नाही त्यातल्या एका घरी मी एकटाच गेलो होतो, संध्याकाळी, मोटारसायकलवर. गावात चर्चा झाली आणि मुलीचं कॉलेजच सुटलं. म्हणून पहिलं हे: एकटा जाऊ नकोस. मॅडमला घेऊन जा, दिवसा जा, आईशी बोल. बाप उचलीत अडकलेला असतो, त्याच्याशी वाद घालून उपयोग नसतो. उचल किती आणि किती कोयत्यांची (एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी) हे विचार. मुलगी अर्ध्या कोयत्यात धरली असेल तर मुकादम सोडणार नाही, तिथं वेगळं बोलावं लागतं. ती हिशोबात नसेल तर गाठ धाकट्या भावाची आहे. तो शाळेत असेल तर जिल्हा परिषद शाळेत हंगामी वसतिगृह चालतं का बघ. ऊसतोडीला गेलेल्यांच्या लेकरांना तिथं जेवण मिळतं, झोपायला आजी किंवा चुलती लागते. मुख्याध्यापकांना यादी जाण्याच्या आधी भेट.

स्वतःच्या खिशातून उचल फेडतो म्हणू नकोस. मी एकदा म्हणालो होतो. त्या घराला ते मिंधेपण झालं आणि पोरगी माझ्यासमोर यायला लाजायला लागली. पदकाचं, नोकरीचं वचन देऊ नकोस. तीन महिने कॉलेजात राहील, परीक्षा देईल, स्पर्धेला जाईल, एवढंच सांग आणि तेवढं कर.

तुझे तास बंद होण्याचं म्हणशील तर तिची जबाबदारी एकट्यानं घेऊच नकोस. मॅडमचं नाव, प्राचार्यांचं पत्र, वसतिगृहाचा अर्ज, सगळं तुझ्याशिवाय चालेल असं करून ठेव. कायम झालेल्या माणसानंही असंच करावं, बदली आणि आजारपण त्यालाही आहे.

आणि बाबा, तू विचारलंस काय हाती राहतं. निवृत्त झालो त्या दिवशी कपाटातल्या फायली दुसऱ्याच्या ताब्यात दिल्या. माझ्या ध्यानात राहिलाय तो सचखंड एक्स्प्रेसचा एक प्रवास. पंजाबात अखिल भारतीय मैदानी स्पर्धा होती, डब्यात आमची नऊ लेकरं. घरून आणलेल्या भाकरी पहिल्याच दिवशी संपल्या. वाटेतल्या स्टेशनवर गुरुद्वाऱ्याची माणसं लंगरचं जेवण घेऊन आली, ताट पुढं करा म्हणाली. आमच्याकडं ताटं नव्हती. भालाफेकवाल्या पोरीनं ओढणी धुऊन पसरली आणि म्हणाली, "सर, ह्याच्यावर घ्या की, काय बघायलात?" त्या स्पर्धेत आमचा कुणीही अंतिम फेरीत गेला नाही. त्या नऊ जणांचे फोन अजून दिवाळीला येतात.

गोदाकाठ

सगळ्यांना उत्तर द्यायला बारा दिवस लागले, माफ करा. धावपळ चालू होती.

ग्रंथपाल मॅडमना घेऊन रविवारी सकाळी गेलो. उचल आईवडिलांच्या एका कोयत्याची आहे, मुलगी हिशोबात नाही. खांबाजवळचे काका म्हणाले तसंच, गाठ धाकट्याची निघाली. तो दुसरीत आहे. शाळेत हंगामी वसतिगृह आहे, त्याचं नाव यादीत बसलं, रात्री आजीकडं झोपेल. वडील बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, संक्रांतीला तिनं फडावर येऊन आईला भेटलं पाहिजे. मी हो म्हणालो. मी स्वतः सोडायला जाईन म्हणालो, मॅडम म्हणाल्या आपण दोघं जाऊ.

शासकीय वसतिगृहात जागा नाही, प्रतीक्षा यादीत चौथी आहे. स्पर्धेपर्यंत ती मॅडमच्या घरी वरच्या खोलीत राहणार. पुढचं अजून ठरलेलं नाही. हिमोग्लोबिन तपासलं, ९.४ निघालं. कळंबच्या मॅडम, तुमच्यामुळं तपासलं, गोळ्या सुरू केल्यात. पात्रतेचा अर्ज काल मी स्वतः नेऊन दिला आणि पोच घेतली. आठशे मीटर ताई, तुमच्यासाठी पोचेचा फोटो काढून ठेवलाय.

पोलीस भरतीचा अर्जही भरणार आहे, घरी तसं सांगितलं. सेट झालीय तर पीएच.डी.ला नोंदणीही करतो. जागा निघेपर्यंत दोन्ही चालू ठेवीन.

आता नवी अडचण. आमच्या उडीच्या खड्ड्यात वाळू नाही, काळी माती आणि थोडा भुसा आहे. काल तिचा घोटा मुरगळता मुरगळता राहिला. गोदावरी दोन किलोमीटरवर, पण वाळू विकत घ्यायचा भाव ऐकून प्राचार्य नाही म्हणाले. किती वाळू लागेल, कमीत कमी?

खांबाजवळचा

खड्डा २.७५ मीटर रुंद पाहिजेच. लांबी आठ मीटर आणि फूटभर खोल धरलास तर अडीच ब्रासच्या (ब्रास म्हणजे शंभर घनफूट) आसपास. सरावापुरतं भागवायचं असेल तर पाच मीटर लांबी ठेव, ती पडते तेवढ्याच भागात, दीड ब्रासमध्ये होईल. वाळू चाळून घे, खडे ठेवू नकोस. रोज उडीच्या आधी फावड्यानं सैल कर आणि संध्याकाळी थोडं पाणी मार, नाहीतर दगडासारखी बसते.

फक्की

आमच्या मुलींच्या वसतिगृहाच्या बांधकामाची वाळू उरलीय, दीड ब्रास तरी असेल, चाळलेली. प्राचार्यांना विचारलं, लेखी पत्र द्या म्हणाले. तुझ्या कॉलेजच्या लेटरहेडवर उद्या पाठव. टेम्पोचं तू बघ, भरायला माझी कबड्डीची पोरं आहेत.